बूट होते

सोनकांबळे सरांना अनवाणी पाहिलेला माणूस आमच्या गावात सापडणार नाही. मी त्यांच्याबरोबर एका शाळेत बारा वर्षं काढली, एकाच बाकावर बसून डबे खाल्ले, पण त्यांची पावलं कशी आहेत ते मला ठाऊक नाही. काळे, नाडीचे, चामडी बूट. उन्हाळ्यात डांबर पातळ व्हायचं तेव्हाही तेच, आणि पावसाळ्यात काळी माती घोट्यापर्यंत चिकटायची तेव्हाही तेच. सकाळी प्रार्थनेआधी ते हापशावर जाऊन बुटांचा चिखल धुवायचे, खिशातल्या फडक्यानं बूट पुसायचे आणि मगच हात धुवायचे. खरं तर त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांच्यात मी बसत नाही. पण बाकीच्यांनी जे लिहिलं ते खोटं आहे आणि त्यातलं पहिलं खोटं माझ्या हातचं आहे, म्हणून लिहितो.

आमची शाळा अहमदपूर तालुक्यातली, एका संस्थेची. संस्था म्हणजे अध्यक्ष आणि अध्यक्ष म्हणजे दादासाहेब. बाकीची कार्यकारिणी सही करण्यापुरती होती. सर इतिहास शिकवायचे आणि खेळाचा तासही घ्यायचे. मी मराठीचा. मी लागलो तेव्हा शिक्षण सेवक होतो, म्हणजे तीन वर्षं मान खाली घालून राहायचं आणि मग कायम होतो की नाही याची वाट पाहायची. मान खाली घालणं मला चांगलं जमायचं.

सरांचा एक प्रश्न होता. तो ते सगळ्यांना विचारायचे. पोरगं म्हणायचं, "सर, अभ्यास न्हाई झाला, लाईट गेलती." सर म्हणायचे, "दिवसा बी गेलती? अडवलं कुणी?" मुख्याध्यापक म्हणायचे की यंदा सहल जमणार नाही. सर विचारायचे, "का बरं? अडवलं कुणी?" मी एकदा त्यांना सांगितलं की मला पुढं शिकायचं होतं, पण राहून गेलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडत माझ्याकडे पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला. मी घरची परिस्थिती सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलो, कारण घरच्या परिस्थितीनं मला अडवलं नव्हतं. आळस होता. या प्रश्नाचा मला रागच यायचा.

फुटबॉलचं वेड त्यांना मामाकडून लागलेलं. मामा हैदराबादला रेल्वेत हमाल होते आणि सुट्टीच्या दिवशी मैदानाच्या भिंतीवर बसून खेळाडूंचा सराव बघायचे. सर सांगायचे, "त्या टाइमाला देशाच्या टीममधे हैदराबादचे लई पोरं होते. शिकवणारा बी शाळामास्तरच. आन् आपला मराठवाडा तवा हैदराबादेतच होता. म्हंजे निम्मी टीम आपलीच की हो, बिरादार." मग त्यांची यादी सुरू व्हायची. एक्कावन्न, दिल्ली, आशियाई स्पर्धा, सुवर्णपदक, इराणला एक-शून्य. छप्पन्न, मेलबर्न, ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात चार-दोन, ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. बासष्ट, जकार्ता, सगळं स्टेडियम विरोधात ओरडत असताना कोरियाला दोन-एक, पुन्हा सुवर्ण. इतिहासाच्या तासाला पहिल्या महायुद्धाची कारणं फळ्याच्या मधोमध असायची आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात यातलं काहीतरी एक. छप्पन्न साल आलं की ते खडू खाली ठेवायचे. "या साली दोन गोष्टी झाल्या. ऑक्टोबरात आमचा आजा नागपूरला जाऊन बौद्ध झाला. डिसेंबरात आपली टीम ऑलिंपिकच्या सेमीफायनलला गेली. दोन्ही ध्यानात ठेवा."

एखादं पोरगं विचारायचं, "मग पुढं सर?"

"पुढं सत्तरला ब्राँझ."

"मग?"

"मग काय न्हाई," असं म्हणून ते फळा पुसायचे.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो पन्नास सालात. त्या वर्षी ब्राझीलमध्ये वर्ल्ड कप होता. गटातल्या बाकीच्या देशांनी माघार घेतल्यामुळे आपल्याला न खेळताच जागा मिळाली होती आणि आपण गेलो नाही. का गेलो नाही, याचं आपल्याकडे सगळ्यांना पाठ असलेलं उत्तर असं की आपले खेळाडू अनवाणी खेळायचे आणि तिकडे अनवाणी खेळू देत नव्हते. बाजारात मिळणाऱ्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतही हेच छापलेलं असायचं. सर पोरांची ती पुस्तकं गोळा करायचे आणि लाल पेनानं उत्तर खोडून खाली लिहायचे: कोणीही अडवले नव्हते, आपणच गेलो नाही.

एका वर्षी तालुक्याच्या सामान्यज्ञान स्पर्धेत नेमका हाच प्रश्न आला. आमच्या शाळेतल्या एका मुलीनं सरांचं उत्तर लिहिलं आणि एका गुणानं तिचं पहिलं बक्षीस गेलं. तिचे वडील तणतणत शाळेत आले. सगळ्या शिक्षकांसमोर त्यांनी सरांना विचारलं, "कशाला पोरीच्या डोक्यात कायबी भरवता?"

सर शांतपणे म्हणाले, "पोरीचं उत्तर बरोबर हाय. बक्षीस चुकलं."

"सगळं जग म्हणून राहिलं ते खोटं आन् तुम्ही एकटे खरे व्हय?"

"अहो, बोलावणारे तर येण्याजाण्याचं बी बघायला तयार होते. आपल्या मोठ्या लोकांनाच वाटलं, ऑलिंपिक मोठं, हा वर्ल्ड कप म्हंजे काय असतंय? टीम निवडण्यात भांडणं, सरावाला टाइम न्हाई. राहिलं. मग मागून ही अनवाणी पायाची गोष्ट लोकाला लई गोड लागली. आपली चूक बी न्हाई आन् वरून मोठेपणा." एवढं बोलून ते थांबले. मग आवाज चढला, जो सहसा चढत नसे. "दोन वर्षांनी हेलसिंकीला गेले. तिथली थंडी. आपले बरेचसे अनवाणी. युगोस्लाव्हियानं दहा गोल घातले. दहा! मग अक्कल आली आन् बूट सक्तीचे केले. अनवाणी राहण्यात कसलं शौर्य हाय, सांगा ना मला."

मुलीचे वडील गेले. आम्ही सगळे हसलो. एवढ्याशा गोष्टीवर माणूस किती तापतो, असं मीच म्हणालो होतो.

तो कशावर तापतो हे मला नंतर कळलं. दादासाहेबांच्या बंगल्यावर दर दसऱ्याला शिक्षकांना बोलावणं असायचं. आम्ही पायरीखाली चपला काढायचो, आत सतरंजीवर मांडी घालून बसायचो आणि दादासाहेब सोफ्यावरून बोलायचे. सर पायरीवर उभे राहायचे, बुटांसकट.

"या की सर आत," दादासाहेब म्हणायचे.

"इथूनच ऐकू येतंय साहेब. बूट काढायला लई टाइम लागतो."

दरवर्षी हेच संभाषण शब्दाला शब्द व्हायचं. परतताना एकदा मी त्यांना चिडून म्हणालो, "काय होतंय सर, दोन मिनिटं बूट काढले तर? उगाच डोळ्यांवर येता." ते चालता चालता थांबले. आम्ही माझ्याच घराच्या गल्लीच्या तोंडाशी होतो.

"बिरादार, ही तुमची गल्ली. आमचा आजा इथनं जाताना वहाणा काढून हातात घ्यायचा. इथनं ते पार त्या बंगल्याच्या पुढंपर्यंत. पावसाळा असो का उन्हाळा. आन् त्याला कुणी तरी अडवलेलं होतं, बरं का. त्याचं उत्तर वेगळं हाय." मग ते पुढं निघाले. मी त्या गल्लीत लहानाचा मोठा झालो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. सरांनी फुटबॉलचा संघ उभा केला तेव्हा पहिली अट बुटांची घातली. बुटांशिवाय कोणी मैदानात उतरायचं नाही. आमची पोरं कोणाची, तर सालगड्याची, हमालाची, पंक्चरवाल्याची. सरांनी पोलिसात आणि मिलिटरीत गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं लिहिली. कोणी दिलं नाही, कोणी दिलं. एसटीच्या पार्सलनं पोती यायला लागली, त्यात खिळ्यांचे जुने बूट, एक डावा मोठा आणि उजवा लहान असेही. अहमदपूरच्या एका चांभाराकडे बसून सरांनी ते शिवून घेतले. चौदा जोड तयार झाले. प्रत्येक बुटाच्या आत पक्क्या शाईनं पोराचं नाव. कर्णधार होता इरफान, पंक्चरवाल्या बाबूभाईंचा मुलगा. त्याच्या वाट्याला आलेले बूट एक नंबर मोठे होते, म्हणून सरांनी पुढं कापूस कोंबला. पहिल्या दिवशी पोरं नव्यानं नाल मारलेल्या बैलासारखी पावलं उचलत चालली आणि सर मैदानाच्या कडेला उभे राहून एकटेच हसत होते. त्यांना असं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

त्या वर्षी लातूरला आमचा संघ जिल्ह्यात पहिला आला. अंतिम सामना दोन-एक. शिट्टी वाजल्यावर सर कोणाला मिठी मारायला धावले नाहीत. माझ्याकडे वळून फक्त म्हणाले, "जकार्ता." पुढचे विभागीय सामने नांदेडला होते. शाळेत पत्र आलं. नेमके त्याच तीन दिवसांत दादासाहेबांच्या वडिलांच्या, आबांच्या नावानं भरणारे कबड्डीचे सामने होते.

मुख्याध्यापकांच्या खोलीत मी होतो. नांदेडच्या सामन्यांचा प्रवेशअर्ज टेबलावर पडलेला आणि समोर दादासाहेब. "सर, फुटबॉल काय दरसाल येतंय. आबांची पुण्यतिथी वर्षातनं एकदाच."

"पुण्यतिथी बी दरसालच येतीय साहेब," सर म्हणाले.

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघायला लागले. दादासाहेब हसले. त्यांना राग आला की ते हसायचे. "तसं न्हाई हो. आमदारसाहेब येणार. मैदान आखायचं, पाहुण्यांना पाणी, रांगा, टाळ्या. चपळ पोरं तीच तर हायत तुमची. आन् नांदेडला जाऊन तरी काय, हारूनच येणार न्हवं? आबांचा करंडक आपल्या गावाचा हाय."

"तीन दिवसांचा प्रश्न हाय साहेब. चौदा पोरं सोडली तर शाळेत सहाशे हायत."

"बघू," दादासाहेब म्हणाले आणि उठले.

त्या 'बघू'चा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला. अर्जावर सही झाली नाही. सर दोन दिवस तो कागद घेऊन मुख्याध्यापकांच्या दाराशी उभे होते. सही नाही, शिक्का नाही, तर नांदेडला मैदानात घेणार नाहीत, हा नियमच होता. निघायच्या दिवशी सकाळी पोरं बूट पिशवीत घालून एसटीच्या थांब्यावर हजर. सर आले आणि त्यांनी पोरांना एकेक करून घरी पाठवलं. गाडी आली, थांबली, गेली.

दुसऱ्या दिवशी कबड्डीचे सामने दणक्यात झाले. आणि इरफानच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तो ते खिळ्यांचे बूट घालूनच पाहुण्यांना पाणी द्यायला स्टेजवर चढला. लाकडी फळ्यांवर खट, खट, खट. आमदारांनी मान वळवून पाहिलं. स्टेजवर पाणी देणारे चौदाही जण बुटात होते. सगळ्या गावानं पाहिलं. मी स्टेजवरच होतो, सूत्रसंचालन माझ्याकडे होतं.

वर्षभरानं शाळेचा रौप्यमहोत्सव आला आणि स्मरणिकेचं काम माझ्यावर पडलं. जिल्हाविजेत्या संघावर एक पान हवं होतं. दादासाहेबांनी मला बोलावून घेतलं. "पुढं नांदेडला का गेले न्हाईत, असं कुणीबी इचारणार. लिहा की कायतरी मनाला भिडंल असं. गरीब पोरं होती. पायात कायबी नसायचं." त्यांनी एवढंच सांगितलं. त्या महिन्यात माझ्या कायम होण्याचा प्रस्ताव त्यांच्या सहीसाठी पडून होता. मी घरी आलो, सरांकडूनच ऐकलेली पन्नास सालची गोष्ट आठवली आणि तिचा साचा उचलला. लिहिलं की आमचे अनवाणी वीर नांदेडच्या मैदानापर्यंत पोहोचले, पण पायात बूट नाहीत म्हणून त्यांना खेळू दिलं गेलं नाही. भाषा चांगली उतरली होती. लोकांना वाचताना रडू आलं म्हणे.

स्मरणिका वाटली त्या दिवशी सर स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसले. पान उघडून त्यांनी ते पूर्ण वाचलं, बोट फिरवत, पोरं वाचतात तसं. मग मिटून ठेवलं.

"अडवलं कुणी, बिरादार?"

मी म्हणालो, "सर, माझं काम पडून होतं. तुम्हाला माहीत आहे."

"हाव. माहीत हाय." ते उठून तासाला गेले. पुढं निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी नीट बोलायचे, डबा खायला सोबत बसायचे. त्यामुळे मला जास्त त्रास झाला.

खोट्याला पाय लवकर फुटले. एका वर्तमानपत्रानं ते पान जसंच्या तसं घेतलं. कुणीतरी पोवाडा केला. कार्यक्रमांत पाहुणे 'अनवाणी अकरा' म्हणायला लागले. सर निवृत्त होऊन नांदेडला मुलीकडे गेले आणि तिथूनही पत्रं पाठवत राहिले, वर्तमानपत्राला, संस्थेला, शिक्षण खात्याला. बूट होते, चौदा जोड होते, अर्जावर सही झाली नाही. एकाही पत्राचं उत्तर आलं नाही. दोन पत्रं मलाही आली. त्यांना एकच गोष्ट हवी होती, की तिथं हजर असलेल्या कुणीतरी एकदा चारचौघांत खरं सांगावं. मी दोन्ही पत्रांना उत्तर म्हणून दिवाळीची शुभेच्छापत्रं पाठवली.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. दादासाहेब आता नाहीत, त्यांचा मुलगा अध्यक्ष आहे. सरांचा सत्कार ठरला. सर येतील असं मला वाटलं नव्हतं, पण ते आले. पाठीला पोक आलेला, हातात काठी, पायात तेच काळे बूट. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. इरफान मुदखेडहून आला होता. त्याचं तिथं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, पोट सुटलंय, बायको-पोरं सोबत होती. तो माईकवर आला. "दोस्तहो, आज पोरांला सगळं मिळतंय. आमच्या पायात काय होतं? कायबी न्हवतं. सरांनी आम्हाला अनवाणी पायांनी जिंकायला शिकवलं. नांदेडला आम्हाला गेटावरनं परत लावलं, आम्ही रडत रडत आलो..." तो खोटं बोलत नव्हता, हेच भयंकर होतं. त्याला आता तसंच आठवत होतं. त्याची बायको पदरानं डोळे पुसत होती.

मग अध्यक्षांनी सरांना स्मृतिचिन्ह दिलं. पितळेचा फुटबॉल आणि त्यावर दोन उघडी पावलं.

सरांनी ते हातात घेतलं. बराच वेळ बघितलं. मग काठी टेकत माईकपर्यंत आले. "बूट होते," ते म्हणाले. "इरफान, तुझ्या बुटात कापूस मी घातला होता. तुम्ही नांदेडला गेलाच न्हाईत. एसटीच्या थांब्यावरनं मी परत लावलं, कारण कागदावर सही न्हवती."

मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि सगळा मंडप टाळ्या वाजवायला लागला. अध्यक्ष बाजूच्या पाहुण्याला म्हणाले, "सर अजून तसेच. श्रेय घ्यायलाच तयार न्हाईत." इरफान हसत हसत येऊन त्यांच्या पाया पडला. सरांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या आणि माझ्याकडे वळले.

"हे बिरादार सर तवा तिथंच होते. त्यांला विचारा. त्यांला माहीत हाय."

हजारभर लोक माझ्याकडे बघत होते. दुसरा माईक माझ्या हातात होता, चालू. माझी नोकरी कायम होऊन वीस वर्षं झाली होती. दादासाहेब जाऊन सहा. निवृत्तीला आठ महिने उरले होते. माझं कोणीही काहीही वाकडं करू शकत नव्हतं. मी माईक तोंडाशी नेला आणि म्हणालो, "अशी साधी, निगर्वी माणसं आता कुठं राहिलीत! सरांसाठी पुन्हा एकदा जोरदार टाळ्या."

टाळ्या झाल्या. सर खुर्चीकडे गेले.

कार्यक्रमानंतर मी त्यांना सोडायला अहमदपूरच्या स्टँडवर गेलो. अध्यक्षांची गाडी त्यांनी नाकारली होती. स्मृतिचिन्ह माझ्याकडे होतं, सरांनी ते खुर्चीवरच ठेवलं होतं. नांदेडची गाडी लागली. मी ते पितळ त्यांच्यापुढं धरलं, त्यांनी घेतलं नाही. मी म्हणालो, "सर, मला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं, पण..."

आणि थांबलो. पुढचा प्रश्न मला माहीत होता. बारा वर्षं ऐकलेला प्रश्न. त्यांनी तो विचारावा, निदान एकदा ओरडून विचारावा, म्हणून मी वाट बघत उभा राहिलो.

सरांनी गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि वाकून बुटाची सुटलेली नाडी बांधली. वेळ लागला. मागचे लोक खोळंबले. मग ते दांडीला धरून वर चढले, खिडकीपाशी बसले आणि समोर बघत राहिले. गाडी निघाली.

त्यांनी मला काहीच विचारलं नाही.